‘जेवण जात नाही’: वजनाच्या ऑपरेशननंतरची एक तक्रार, तीन वेगळे बिघाड

“मॅडम, जेवण जात नाही.”

परळच्या ओपीडीत बसून गेली बारा वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे. वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्यांचा आहार सांभाळणं हे माझं काम. फोन बदलापूरहून येतो, विरारहून येतो, गिरगावातल्या चाळीतून येतो. वाक्य तेच असतं. आणि दरवेळी मी आधी उलट विचारते, जात नाही म्हणजे नक्की काय होतं?

कारण मराठीत आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना ‘जात नाही’ म्हणतो.

लक्षणं

पहिली तऱ्हा: भूकच नाही. ताट समोर आलं तरी काही वाटत नाही, दुपारचे तीन वाजले तरी जेवणाची आठवण होत नाही. पण खाल्लं तर निमूट खाली उतरतं.

दुसरी: नकोसं होतं. फोडणीचा वास आला तरी मळमळतं, तोंडाला धातूची किंवा कडवट चव असते, प्रोटीन पावडरचा डबा बघूनच पोटात ढवळतं.

तिसरी: घास अडकतो. छातीच्या मध्यावर दाब येतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, आणि घास वर आल्याशिवाय सुटका होत नाही.

पहिली तऱ्हा बहुतेकदा ऑपरेशनचा अपेक्षित परिणाम असते. दुसरीचं कारण बरेचदा घरातच सापडतं: पाणी, गोळ्या, पोट साफ नसणं. तिसरीत खाण्याची पद्धत दोन-तीन दिवस काटेकोर तपासायची, आणि ती नीट असूनही अडकत असेल तर सर्जनना फोन करायचा. एकाच माणसात दोन तऱ्हा एकत्रही असतात, म्हणून दोन दिवस वहीत लिहून काढा: काय खाल्लं, किती वाजता, किती वेळ लागला, मग काय झालं. पुढच्या सगळ्या तपासण्यांना ही वही लागेल.

पुढचं वाचण्याआधी: इथे घरी थांबायचं नाही

दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नाही. लघवी जवळजवळ बंद आहे, उठताना चक्कर येते. ताप आहे, नुसतं बसलं तरी छाती धडधडते, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखतं, धाप लागते. पहिल्या महिन्यात हे शिवलेल्या जागेतून गळती होत असल्याचं लक्षण असू शकतं. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसतं, शौचाला डांबरासारखं काळं आणि चिकट होतं. एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो. बायपास (जठराचं, हृदयाचं नव्हे) झालेल्या माणसाच्या पोटात अचानक जोराची कळ येते, मग ऑपरेशनला चार वर्षं का झालेली असेनात.

यातलं एक जरी असेल तर सर्जनना फोन करा आणि रुग्णालयात जा. सोय नसेल तर १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका.

यातलं काही नसेल तर पुढच्या तपासण्या याच क्रमाने करा. आधी फुकटच्या.

१. कॅलेंडर बघा

कोणतं ऑपरेशन झालं आणि त्याला किती दिवस झाले? स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. घ्रेलिन हे भूक जागवणारं संप्रेरक मुख्यतः याच भागात तयार होतं. बायपासमध्ये वर जेमतेम ३० मिलिलीटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांची पिशवी उरते आणि अन्न थेट पुढच्या आतड्यात उतरतं. त्यामुळे पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं लवकर आणि जास्त सुटतात. म्हणजे दोन्हीकडे भुकेची घंटाच मंद केलेली असते.

म्हणून दुसऱ्या महिन्यात भूक नसेल तर काही बिघडलेलं नाही. पुष्कळांची भूक सहा महिने ते वर्षभरात हळूहळू परतते. पण एकदा परतलेली भूक दीड वर्षाने पुन्हा गेली, तर तो ऑपरेशनचा परिणाम समजू नका. ती नवी तक्रार आहे. अशा वेळी मधल्या पायऱ्यांवर आठवडे घालवू नका, थेट रक्ताच्या तपासण्यांकडे जा.

आपण कोणत्या टप्प्यावर आहोत तेही पाहा. साधारणपणे पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग वाटलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर हळूहळू नेहमीचं जेवण. तुमच्या सर्जननी दिलेल्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तोच कागद खरा. तिसऱ्या आठवड्यात पोळी अडकली म्हणून घाबरून फोन करणारे दर महिन्याला असतात. पोळीची वेळच तेव्हा आलेली नसते.

२. पाणी

माझ्या अनुभवात ‘नकोसं होतं’ या तक्रारीची निम्मी उत्तरं इथेच मिळतात, म्हणून यावर जरा थांबते.

डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाणाऱ्या एक ताई होत्या. ऑपरेशनला आठ आठवडे झालेले, कामावर नुकत्याच परत रुजू झालेल्या. दुपारी डबा उघडला की मळमळ. त्यांनी आधी कंपनीचा डबा बदलला, मग घरून पेज नेली, मग जेवणच सोडलं. मी वही मागितली. सकाळी सहाला अर्धा कप दूध, आणि त्यानंतरचं पाणी थेट अकरा वाजता. मधे का नाही, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “मॅडम, गाडीत बाथरूम कुठे असतं? स्टेशनवरचं वापरवत नाही.” मुंबईत कामाला जाणाऱ्या किती बायका असंच करतात हे आपल्याला माहीत आहे. पूर्वी त्या ऑफिसात पोचून दोन ग्लास गटागटा पिऊन भरपाई करायच्या. आता पोटात तेवढी जागाच नाही. एकदा मागे पडलेलं पाणी दिवसभरात भरून येत नाही.

पाणी कमी पडलं की मळमळतं, आणि मळमळलं की पाणीही नको होतं. हे चक्र जेवणाच्या बाजूने तोडता येत नाही, पाण्याच्याच बाजूने तोडावं लागतं. दिवसाला किमान दीड लिटर, तेही घोटाघोटाने. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारी मापाची टोपी घ्या, दर पाच-दहा मिनिटांनी तेवढंच. बाटलीवर मार्करने तासांच्या खुणा करा. उठल्याउठल्या सुरुवात करा आणि गाडीतही एखादा घोट घेत राहा. त्या ताईंसाठी आम्ही वाटेतल्या एका स्टेशनवर उतरून जायची सोय शोधली आणि पंधरा मिनिटं आधीची गाडी धरली. आठवड्याभरात मळमळ थांबली. जेवणात काहीही बदल न करता.

तपासायचं कसं? लघवीचा रंग बघा. फिकट लिंबू सरबतासारखा असेल तर ठीक, कोऱ्या चहासारखा असेल तर पाणी कमी. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने येणारा भडक पिवळा रंग वेगळा, त्याला घाबरू नका. साधं पाणी जड लागत असेल तर कोमट पाणी, ताकाची निवळ, वरणाचं वरचं पाणी, पातळ केलेलं शहाळ्याचं पाणी चालतं. सोडा आणि कोल्ड्रिंक नको. ऑक्टोबरच्या उकाड्यात दीड लिटरही पुरत नाही.

३. घड्याळ

भूक लागल्यावर जेवू, हा नियम आता तुमच्यापुरता बंद. फलाटावर गर्दी असो-नसो, गाडी वेळापत्रकाप्रमाणे सुटते, तसं जेवायचं. दिवसातून पाच-सहा वेळा, मोबाइलला गजर लावून.

प्रत्येक वेळी पहिला घास प्रथिनांचा. बहुतेकांना दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २०० मिलिलीटर दुधात ६ ते ७, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. वाटीभर पातळ वरणात मात्र चार-पाचच, म्हणजे ‘वरण-भात खाते की’ म्हणून हिशेब पुरा होत नाही. प्रथिनं सतत कमी पडली की शरीर स्नायू मोडून खातं. वजनाचा काटा खाली जातो, घरचे खूश होतात, आणि माणसाला दादरचा जिना चढवत नाही.

४. जेवायची पद्धत

तिसऱ्या तऱ्हेसाठी ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी.

बाळाला भरवायचा लहान चमचा घ्या. घासाची तोंडात अगदी पेस्ट होईपर्यंत चावा. घास गिळला की चमचा खाली ठेवा, मिनिटभर थांबा. वाटीभर जेवणाला वीस ते तीस मिनिटं लागली पाहिजेत. जेवताना पाणी नाही, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास नाही. लहान पोटात पाणी जागा अडवतं आणि अन्न पुढे ढकलतं.

उचकी, शिंक, नाक गळायला लागणं, छातीत हलका दाब. पोट भरल्याची खूण आता अशी येते. ती आली की थांबायचं. पुढचा एकच घास उलटी घडवतो. पानात टाकू नये असं शिकलेल्या आपल्या पिढीला हे फार अवघड जातं, म्हणून वाढून घेतानाच चार चमचे घ्या.

ऑफिसात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असेल, त्यातली दहा मिनिटं डबा गरम करायला जात असतील, तर घास अडकणारच. अशांना मी दुपारचं जेवण दोन भागांत करायला सांगते, एक बारा वाजता आणि एक अडीचला.

आता एक गोष्ट, जिचं मला आजही वाईट वाटतं. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका काकांना मी दोन आठवडे “अजून बारीक चावा, अजून सावकाश” एवढंच सांगत राहिले. बायपासला सहा आठवडे झाले होते. आधी त्यांना मऊ खिचडी जायची, मग फक्त वरण, मग फक्त पाणी. दुर्बिणीतून पाहिलं तर जोडाची, म्हणजे जठराची पिशवी आतड्याला जोडलेली जागा आकसली होती. त्यांच्या पद्धतीत काही चूक नव्हती. तेव्हापासून मी एक प्रश्न कधी चुकवत नाही: गेल्या आठवड्यात जे जात होतं, ते या आठवड्यात जातं का? प्रवास उलटा सुरू झाला असेल, घट्टाकडून पातळाकडे, तर पुढच्या पायऱ्या सोडा आणि त्याच दिवशी सर्जनना कळवा. पद्धत नीट पाळूनही तीन दिवस मऊ अन्न अडकत असेल तरीही तेच करा.

५. ताटात काय आहे

कोरडं आणि चिकट, हे दोन्ही अडकतं. पुन्हा गरम केलेलं चिकन, पाव, ताजी मऊ पोळी, गार झालेला भात. पोळी मऊ म्हणून चांगली असं वाटतं, पण तिचा पोटात कणकेसारखा गोळा होतो. साबुदाण्याची खिचडीही तशीच. उपवासाच्या दिवशी ती खाऊन अडकल्याचे फोन मला दर आषाढीला येतात.

उतरतं ते ओलसर आणि सुटं. मुगाचं कढण, पातळ पिठलं, चक्क्यात जरासं मीठ-जिरं, कुस्करलेलं पनीर, मऊ ऑम्लेट. मासे खाणाऱ्यांसाठी मुंबईसारखं गाव नाही. मधला काटा काढून कोकमाच्या पातळ कालवणात शिजवलेला ओला बोंबील चिकनच्या कितीतरी आधी पोटाला मानवतो. तळलेला मात्र आत्ता नको.

वासाने मळमळत असेल तर फोडणी दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगा आणि जेवण कोमट किंवा गार खा. गार अन्नाचा वास कमी येतो. प्रोटीन पावडरच्या गोडाने वीट आला असेल तर चव नसलेली पावडर घेऊन ती ताकात किंवा कोमट वरणात मिसळा. उकळत्या वरणात घातली तर गुठळ्या होतात.

गोड खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब होत असतील तर ते डम्पिंग. साखर आतड्यात एकदम उतरते म्हणून होतं, बायपासवाल्यांना जास्त. एक-दोनदा झालं की माणूस घाबरून सगळंच खाणं सोडतो. सगळं सोडू नका, गोड सोडा. गणपतीत उकडीचा मोदक समोर येतो तेव्हा आतला गूळ आणि बाहेरची चिकट पारी, दोन्ही तुमच्या विरुद्ध आहेत. नैवेद्याचा कण जिभेवर ठेवा, तेवढा पुरे. खाल्ल्यावर दोन-तीन तासांनी हातपाय कापणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं. ते साखर उतरल्यामुळे होतं, आणि डॉक्टरांना सांगायलाच हवं.

६. गोळ्या आणि पोट

लोहाची गोळी रिकाम्या पोटी मळमळ आणते. ती कॅल्शियमबरोबर घेतली तर दोन्ही नीट लागू पडत नाहीत, मधे दोन तासांचं अंतर हवं. चहाबरोबर घेतली तर लोह चहाच अडवतो. पण म्हणून गोळ्या बंद करू नका. वेळ किंवा प्रकार बदलून मिळतो, विचारा.

मेटफॉर्मिनने भूक मरते आणि मळमळतंही. मधुमेहाच्या इतर गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि खाणं कमी झालं असेल, तर साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. हा डोस स्वतः बदलायचा नाही आणि थांबूनही बघायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. डोकं किंवा गुडघे दुखतात म्हणून दुकानातून घेतलेली वेदनाशामक गोळी विशेषतः बायपासनंतर जोडावर व्रण करते. तंबाखू आणि सिगारेटही तेच करतात.

आणि पोट साफ होतंय का? चार-चार दिवस होत नसेल तर भूक कुठून लागणार? आधी पाणी, मग चालणं. इसबगोल आपल्या मनाने सुरू करू नका, कमी पाण्यात ते फुगून अडकतं.

बायकांसाठी आणखी एक स्वस्त तपासणी: पाळी चुकली असेल तर प्रेग्नन्सी किट. वजन उतरलं की पाळी आणि बीजधारणा सुधारते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो. मळमळीचं कारण हेच निघालेल्या दोघी-तिघी मला आठवतात. ऑपरेशननंतर साधारण बारा ते अठरा महिने दिवस राहू देऊ नयेत असं सांगितलेलं असतं. राहिलेच तर लगेच दोन्हीकडच्या डॉक्टरांना कळवा.

७. मन

याला पैसे लागत नाहीत, पण आधीच्या तपासण्यांपेक्षा हे अवघड म्हणून इथे ठेवलं.

जेवण हे ज्यांचं सुख होतं त्यांच्याकडून ते एका दिवसात काढून घेतलं जातं. लग्नात पंगतीला बसवत नाही, मित्र टपरीवर जातात तेव्हा आपण घरी. एक तिशीचे दादा मला म्हणाले, “मॅडम, भूक नाही हे ठीक आहे, पण कशाचीच वाट बघावीशी वाटत नाही.” त्यांना आहाराच्या तक्त्याचा काही उपयोग नव्हता. झोप उडाली असेल, रडू येत असेल, कशात रस उरला नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

उलटंही होतं. काटा रोज खाली जातोय या आनंदात माणूस मुद्दाम खात नाही. ‘भूक नाही’ हे मग सोयीचं उत्तर होतं. हे तुम्हाला स्वतःत दिसलं तर लाज वाटून घेऊ नका, पण आम्हाला खरं सांगा.

घरच्यांना एक विनंती. “अजून एक घास, माझ्यासाठी” हा आग्रह प्रेमाचा असतो हे मला कळतं. पण तोच घास उलटून पडतो, आणि मग त्या माणसाला ताटाचीच भीती बसते. आग्रह करायचाच असेल तर पाण्याच्या घोटाचा करा.

८. रक्ताच्या तपासण्या

इथून खर्च सुरू होतो, आणि इथून पुढे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी १२, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), थायरॉइड, साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या, गरजेप्रमाणे झिंक आणि थायमिन (बी १ जीवनसत्त्व). झिंक कमी पडलं की चव जाते आणि जेवण मातीसारखं लागतं. पण म्हणून दुकानातून झिंक आणून महिनोन्‌महिने घेऊ नका, त्याने शरीरातलं तांबं उतरतं.

९. जे फक्त डॉक्टर करतील

जोड किंवा स्लीव्हचं वळण आकसलंय का, व्रण आहे का, हे एन्डोस्कोपीत दिसतं. आकसलेली जागा बहुतेकदा दुर्बिणीतूनच फुगा घालून रुंद करतात, पुन्हा पोट उघडावं लागत नाही. माझ्या त्या काकांचं तसंच झालं. चार दिवसांनी ते मऊ भात जेवले. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर सोनोग्राफी करतात, कारण झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात.

जाताना वही न्या आणि चालू गोळ्या पाकिटांसकट न्या. आणि एक काम आजच करा. एका कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून पाकिटात ठेवा: कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, सर्जनचा फोन. त्याखाली एक ओळ: ‘उलट्या होत असतील तर ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन द्यावं.’ शरीरात थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो, आणि सतत उलट्या होणाऱ्याचा तो संपलेला असू शकतो. अशा वेळी थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. रात्री दोन वाजता घराजवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये पोचलात आणि तिथल्या डॉक्टरांना तुमच्या ऑपरेशनची कल्पना नसली, तर ते कार्ड त्यांच्या हातात द्या. बरोबर येणाऱ्या माणसालाही ते कुठे ठेवलंय ते सांगून ठेवा.